परत आलेल्यांच्या मुलाखती

२० आजर

आमच्या रेडिओ केंद्राच्या प्रमुखांनी, सालारींनी, आज खोलीचं दार लावून घेतलं. म्हणाले, "मेहरीखानम, हिवाळाभर पुरेल असं काहीतरी द्या. तुमच्या पाककृती नि जात्यावरची गाणी पुरे झाली." मी म्हटलं, गाणी लोक मागतात. "म्हाताऱ्या मागतात. तरुण पोरं आपला रेडिओ लावतच नाहीत."

मग त्यांनीच सुचवलं. डोंगरात, बर्फात, वाळवंटात मरता मरता वाचलेली माणसं. त्यांच्या मुलाखती, दर गुरुवारी, संध्याकाळी. "पण प्रेरणा हवी हं. रडारड नको. लोक घास तोंडात घालत असतात."

घरी येऊन इराजला सांगितलं. नवरा म्हणाला, "माझी घे की पहिली. नव्या वर्षाचे सोळा नवरोज तुझ्या माहेरी काढले आणि जिवंत आहे." हसले. पण तोवर डोक्यात नावं फिरायला लागली होती. पहिलं नाव कुणाचं, याला या खोऱ्यात विचार करावा लागत नाही. पोरांना डोंगर शिकवणारे उस्ताद जहानबख्श.

२६ आजर

इराजनं गाडीनं सोडलं. उस्तादांचं गाव पार उश्तुरानकूह डोंगराच्या पायथ्याशी, शेवटचं घर. अंगणात सरपण रचलेलं, कोंबड्या. सत्तरीला आलेत पण पाठ ताठ. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, त्या हातानंच चहाचा पेला धरतात.

गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, तरी त्यांच्या तोंडून पुन्हा सगळी ऐकली. तीस वर्षांपूर्वी वरच्या खिंडीत ढगात अडकले. साथीदार नाही, तंबू नाही. काळ्या ओढ्याला धरून खाली चालत सुटले. तीन रात्री. झोप आली की स्वतःला थोबाडीत मारायचे, मोठ्यानं आईच्या नावानं गायचे. चौथ्या सकाळी खालच्या वस्तीत पोचले.

शेवटी मी विचारलं, तरुणांना काय सांगाल? त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "बसला तो संपला. पाय चालताहेत तोवर माणूस जिवंत." फार हळू म्हणाले. मी म्हटलं, उस्ताद, पुन्हा एकदा, जरा जोरात, इथे शेवट करायचाय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. मग खणखणीत आवाजात म्हणाले.

निघताना त्यांच्या बायकोनं वाळलेल्या तुतींची पुरचुंडी हातात दिली. वाक्य गाडीत तीनदा ऐकलं. सुंदर आलंय.

३० आजर

यल्दाच्या संध्याकाळी, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, उस्तादांची मुलाखत लावली. घरोघरी माणसं जमलेली, डाळिंबं सोललेली. आईनं फोन केला, बाजारातल्या हलवायानं केला, खुद्द सालारींनी केला. "हे! हेच म्हणत होतो मी."

८ दै

कड्यावरचा मध काढणाऱ्या भावांची मुलाखत. दोघं एकमेकांना बोलूच देईनात. थोरला म्हणे, दोर मी धरला. धाकटा म्हणे, तू दोर धरला नव्हतास, दोराला धरून रडत होतास. छान झाली. पण लोक अजून उस्तादांचीच मागतात. आज परत लावली.

१९ दै

बर्फाचं वादळ. अजना गावची दोन पोरं डोंगरावर गेली होती. एक खाली आला, एक नाही.

२० दै

आलेला मुलगा शाहीन. दवाखान्यात आहे, पायाची बोटं काळी पडलीत. मला आत सोडलं कारण मी रेडिओची. चादरीला धरून एकसारखं तेच सांगत होता. खिंडीत ढग आला. बेहरादचा गुडघा मुरगळला होता. शाहीनला डोंगराच्या धारेनं उतरायचं होतं, बेहराद म्हणाला, तू जा, मला चढ-उतार जमणार नाही. मी ओढ्याला धरून उतरतो. उस्ताद उतरले तसा.

"उस्ताद उतरले तसा?" मी विचारलं.

"हो. यल्दाला ऐकलं होतं आम्ही. त्याला पाठ होतं सगळं. रस्ताभर म्हणायचा, बसला तो संपला."

माझ्या हातातलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू होतं. बंद केलं.

२२ दै

वादळ थांबेना, म्हणून कुणाला वर जाता येईना. आज सकाळी जरा उघडलं. शोधपथक निघालं आणि पुढे उस्ताद. तेच म्हणाले, ओढ्याची वाट माझ्याइतकी कुणाला माहीत नाही. सगळी माणसं ओढ्याच्या खोऱ्यात लावली. मी दर तासाला रेडिओवरून सांगत होते — काळ्या ओढ्याच्या काठच्या वस्त्यांनो, बाहेर पडा, हाका मारा, झाडं-झुडपं बघा. वय बावीस, लाल जाकीट.

घसा बसला. इराजनं सलगमचा काढा करून दिला.

२५ दै

काही नाही. एक हातमोजासुद्धा नाही.

२९ दै

शोध थांबवला. बर्फ वितळल्यावर बघू, म्हणाले. उस्ताद खाली यायला तयार नव्हते म्हणे, दोघांनी दंडाला धरून आणलं.

४ बहमन

आज ती आली.

मी ध्वनिमुद्रणाच्या खोलीतून बाहेर आले तर बाकावर एक बाई बसलेली. चपला काढून, पाय जवळ घेऊन, मशिदीत बसतात तशी. अंगावर हिरवा झगा, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. पाहुणी असेल वाटलं.

"मेहरी तूच?"

हो म्हटलं.

"आवाजावरून उंच वाटली होतीस. मी बेहरादची दा."

आमच्याकडे आईला दा म्हणतात. हा शब्द मी दिवसातून पन्नासदा ऐकते. तिच्या शेजारी बसले. तिचं नाव कोकब. नवरा कधीच गेला, हा एकुलता एक. चहा मागवला तर तिनं नुसता हात लावला पेल्याला, ऊब घेण्यापुरता.

"बायका म्हणतात, काळं नेस," ती म्हणाली. "मी नेसत नाही. मयत कुठे आहे? कशावर रडू? दुखवट्यासाठी माझे केस कापायला कात्री घेऊन नणंद येऊन बसली, तिला हाकलली."

मी म्हटलं, कोकब दा, मी काय बोलू.

"बोलू नकोस. बोलतेसच रोज. मी विचारायला आले. त्या म्हाताऱ्यानं जे सांगितलं ते खरं आहे? तीन रात्री माणूस बर्फात चालू शकतो?"

"ते चालले होते."

"मग माझा का नाही चालला? गुडघा सोड. घोड्यासारखा पोरगा होता. म्हातारा पोचतो आणि माझा पोचत नाही, असं कसं?"

तिनं चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "तू परत आलेल्यांनाच विचारतेस. चांगलं आहे. ते बोलू तरी शकतात."

५ बहमन

काम सुचत नाही. सालारी म्हणतात, "तुमचा काय दोष? उद्या कुणी पाककृती ऐकून हात भाजून घेतला तर?"

त्यांना हे सांगितलं नाही की वाक्य मी दोनदा म्हणवून घेतलं होतं.

९ बहमन

उस्तादांकडे गेले. यंत्र नेलं नाही. ते अंगणात सरपण फोडत होते, फोडलेलंच परत बारीक करत होते. मला बघून कुऱ्हाड खाली ठेवली.

मी सांगितलं, मुलाची आई आली होती. तिनं एकच विचारलं — माणूस तीन रात्री चालू शकतो का?

बराच वेळ ते लाकडाच्या ढलप्या पायानं गोळा करत राहिले.

"नाही," म्हणाले.

"म्हणजे?"

"मी चाललो नाही, मेहरीखानम. दुपारपर्यंत चाललो, तेही गोल. आपल्याच पावलांवर परत आलो. मग ओढ्यात घसरलो, एका कपारीत पडलो, उठता येईना. किती वेळ पडलो होतो ते देवाला माहीत. एका मेंढपाळणीच्या कुत्र्यानं हुंगून काढलं. तिनं मला गाढवावर टाकलं नि खाली आणलं. बोटं गेली, मी राहिलो. तिचं नाव विचारायचंही सुचलं नाही. दुसऱ्या वर्षी शोधायला गेलो तर त्यांची वस्ती उठून गेलेली."

मी उभीच होते. खाली बसायचंही कळेना.

"वर्तमानपत्रवाला दवाखान्यात आला. मी तापात होतो. मी म्हणालो, तीन रात्री. तो म्हणाला, चाललात? मी म्हणालो असेन हो. छापून आल्यावर लोक पाठीवर थाप मारायला लागले. पहिल्या वर्षी लाज वाटायची. दहाव्या वर्षी पाय कुठे कुठे दुखले होते ते मलाच आठवायला लागलं."

"पण पोरांना तुम्ही डोंगर शिकवता. त्यांनाही हेच?"

"त्यांना मी बसायलाच सांगतो. हरवलात की बसा, आडोसा करा, हलू नका. हे शिकवताना मी कुणाला माझी गोष्ट सांगत नाही."

"मग मला का सांगितलीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "एकदा हळूच सांगितली होती. तुम्ही जोरात मागितलीत."

आतून त्यांची बायको चहा घेऊन आली. आमची तोंडं बघितली, ट्रे तसाच घेऊन परत गेली.

१२ बहमन

सालारींना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "आणि हे तुम्ही हवेवर सोडणार? एका पोरामागे एक जिवंत माणूसही घालवायचा? अहो, त्यांचं चित्र शाळेच्या भिंतीवर आहे."

मी म्हटलं, दुसरं पोरगं जाईपर्यंत राहू दे का चित्र?

"घरी जा, मेहरीखानम. दोन दिवस झोपा."

१५ बहमन

मला काही करावंच लागलं नाही. उस्ताद स्वतः आले. बसनं, लग्नाला घालायचा कोट घालून. सालारींना म्हणाले, "पाच मिनिटं द्या. नाही दिलीत तर बाजाराच्या चौकात उभा राहून सांगेन, तिथे आवाज जास्त लांब जातो."

दिली. कागद नव्हता हातात. सगळं सांगितलं — गोल चाललो, पडलो, गाढवावरून आलो. शेवटी म्हणाले, "हरवलात तर बसा. मी बसलो म्हणून वाचलो, आणि इतकी वर्षं उलट सांगितलं."

बाहेर आल्यावर कोट काढून हातावर घेतला. एवढ्या थंडीत.

१७ बहमन

बाजारात सगळीकडे तेच. हलवाई म्हणाला, "गाढवावर ते एकदा बसले, आम्हाला तीस वर्षं बसवलं." लोक हसले. यल्दाला हाच माणूस त्यांच्या नावानं फुकट मिठाई वाटत होता. शाळेनं चित्र उतरवलं म्हणतात.

कोकब दानं ऐकलं असेल का?

२३ बहमन

ऐकलं होतं. आज तिच्याकडे गेले. अजनाच्या रेल्वे वस्तीत दोन खोल्या. बेहरादचा पलंग घातलेला, घोंगडी उलगडलेली. माझ्यासाठी भात टाकला होता, आत दूध नि बडीशेप. सगळा खाल्ला.

"म्हणजे ते खोटं होतं," ती म्हणाली.

हो.

"आणि माझा पोरगा खोट्याच्या मागे गेला."

मग मीच विचारलं — तुम्ही बोलाल का रेडिओवर? जे परत आले नाहीत त्यांच्याबद्दल? मला वाटलं, ती उठून दार दाखवेल. ती ताटातला एकेक दाणा टिपत राहिली.

"त्याच्याबद्दल काय सांगू? शूर नव्हता तो. लहानपणी कोंबड्यांना भ्यायचा."

"तेच सांगा."

२ इस्फंद

ध्वनिमुद्रण केलं, तिच्या घरीच. मागे आगगाडीची शिट्टी आलीय, ठेवली तशीच.

ती अशी बोलली की मी एकही प्रश्न विचारला नाही. बेहराद गॅरेजात कामाला होता. हाताला सतत तेलाचा वास, त्याच हातानं कच्चा कांदा फोडायचा. पगार झाला की आईला उचलून गोल फिरवायचा, ती शिव्या द्यायची. एका मुलीवर जीव होता, नाव सांगत नव्हता, पण दर शुक्रवारी दाढी करायचा. डोंगराचं वेड कुठून लागलं कोण जाणे. "मी म्हटलं, अरे, वर काय आहे? म्हणायचा, दा, वरून आपलं घर दिसतं. मी म्हटलं, घर बघायला घराबाहेर कशाला जायचं, इथे बस नि बघ."

इथे ती हसली. एकदाच. मग रुमालाच्या टोकानं तोंड झाकून बराच वेळ बसली. ती शांतता मी कापली नाही.

शेवटी म्हणाली, "ज्यांची पोरं वर जातात त्या बायांनो, तुमच्या पोरांना सांगा, आई वाट बघते म्हणून चालत राहू नकोस. आई वाट बघते म्हणून थांब. आम्ही येऊ."

७ इस्फंद

सालारींनी स्वतः ऐकलं. ऐकून झाल्यावर चष्मा पुसत बसले. म्हणाले, "लावा. लोक जेवत असले तर थांबतील."

२९ इस्फंद

उद्या नवरोज. कोकब दानं घरात काहीच मांडलं नाही. ना गव्हाचे अंकुर, ना आरसा, ना लाल मासे. आईनं आमच्याकडचे अंकुर तिला पाठवले, तिनं परत पाठवले.

शाहीन कुबड्या घेऊन तिच्या दारात गेला होता. पायरीवरच रडायला लागला. तिनं आत घेतलं, जेवू घातलं, पण त्याच्या पायांकडे बघितलं नाही म्हणाला.

६ फरवर्दीन

उस्ताद रोज वर जातात. एकटेच, हातात काठी. काळ्या ओढ्याचं बर्फ जसं मागे हटतं तसे ते पुढे सरकतात. बर्फात काठी खुपसतात, पाऊल टाकतात, परत खुपसतात. बायको म्हणाली, "मी थांबवत नाही. घरात बसले तर भिंतीशी बोलतात."

येताना ते अजनाला उतरून कोकब दाच्या दारासमोर उभे राहतात. काही मागत नाहीत. ती दार उघडत नाही.

१३ फरवर्दीन

नवरोजचा तेरावा दिवस, सगळं गाव झाडाखाली जेवायला बाहेर गेलेलं. आम्हीही गेलो. इराजनं जाळ केला, कबाब लावले. समोर डोंगर स्वच्छ, निळा, वर पांढरा. बायका-पोरं त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होती. मी ताट खाली ठेवलं. इराज हळूच म्हणाला, "चल, घरी जाऊ." गेलो.

३० फरवर्दीन

आज तिनं दार उघडलं. मी तिथेच होते. उस्ताद टोपी हातात घेऊन पायरीखाली उभे. बूट चिखलानं भरलेले.

"अजून काही नाही, बहीण," ते म्हणाले. "अर्धा ओढा राहिलाय."

ती त्यांच्या बुटांकडे बघत राहिली. मग आत गेली, चहाचा पेला आणला, पायरीवर ठेवला. हातात दिला नाही.

त्यांनी उभ्यानंच प्यायला. साखरेचा खडा तसाच राहिला.

गेल्यावर मला म्हणाली, "त्या माणसाला शिव्या द्यायला मी तीन महिने शब्द जमवले होते. बुटांमुळे सगळे विसरले."

१४ उर्दिबहिश्त

ओढा पुरा उघडा झाला. उस्तादांनी खालपासून वरपर्यंत दोनदा बघितला. बेहराद तिथे नाही. त्यांना वाटतं, पाण्यानं धरणापर्यंत नेलं असेल. हे तिला कुणी सांगायचं म्हणून माझ्याकडे आले होते. मी म्हटलं, मी सांगते.

१७ उर्दिबहिश्त

सांगितलं. तिनं विचारलं, "मग आता काळं नेसू?" मला विचारलं, मला!

२३ उर्दिबहिश्त

सापडला. ओढ्यात नाही. मेंढरं घेऊन वर चढलेल्या धनगरांना खिंडीतच दिसला, शाहीननं सोडलं तिथून हाकेच्या अंतरावर. तो उतरलाच नव्हता. खडकाच्या आडोशाला बसलेला, समोर दगडांची गुडघाभर भिंत रचलेली, पाय पाठपिशवीत घातलेले. लाल जाकीट अंगातून काढून दगडांवर पसरलेलं, लांबून कुणाला तरी दिसावं म्हणून. तिकडे कुणी गेलंच नाही. आम्ही सगळे खाली ओढ्यात शोधत होतो.

कोकब दाला उस्तादांनीच सांगितलं, मी शेजारी होते. तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे माझा पोरगा थांबला होता," म्हणाली. मग आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघून, अगदी साध्या आवाजात, खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं, "मग तुम्ही का आला नाहीत?"